भात्याचा दांडा

आमच्या चर्चमधला ऑर्गन बेसूर आहे, असं मी चाळीस वर्षं ऐकत आले. मी बसते मागे, भिंत आणि ऑर्गनच्या मधल्या फटीत, आणि ऑर्गनला हवा देणारा भाता चालवते. मोटर वगैरे काही नाही. दांडा खाली दाबायचा, वर येऊ द्यायचा, पुन्हा दाबायचा. बाजूला दोरीला शिशाचा गोळा लोंबतो. हवा संपत आली की तो वर चढतो आणि लाल खुणेला टेकला की समजायचं, आता सूर बसणार आणि चारचौघांत अब्रू जाणार.

त्या रविवारी उपासनेनंतर मतदान होतं. ऑर्गन एका संग्राहकाला विकून टाकायचा आणि विजेवरची पेटी आणायची, हा ठराव जेरल्ड थ्रिपचा. जेरल्ड चर्चचा कारभारी. शाळेत माझ्याच वर्गात होता आणि तेव्हापासून सगळ्यांना रांगेत उभं करतोय.

हेस्टर पिलब्रो, आमची वादक, इतकी वर्षं सगळे टोमणे मुकाट गिळत आलेली. पण मंगळवारी सूर जुळवणारा नवा माणूस आला आणि ऑर्गन वाजवून बघून हसायलाच लागला.

"बाई, याला काही धाड भरलेली नाही. याच्या सुरांची जुळणी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीची. तुम्ही याच्या गळ्यात परवाची गाणी मारता, मग तो रडणारच! त्याच्या काळचं वाजवून बघा."

हेस्टर तडक माझ्या स्वयंपाकघरात. "एनिड, चाळीस वर्षं मी गाढवपणा केला गं! रविवारी शेवटी जुनं वाजवणार. सात मिनिटं लागतात. तुझा खांदा टिकेल ना?"

"खांद्याचं मी बघते. तू बोटांचं बघ."

खांदा महिनाभर ठणकत होता, पण ते तिला कशाला सांगू?

आता आमच्याकडे शेवटचं वादन म्हणजे उठायची खूण. पाळकबाईंनी आशीर्वाद दिला की कोट चढवायचे, मागच्या टेबलावर चहाला गर्दी करायची आणि कुणाच्या गुलाबांना कीड लागली ते मोठ्याने बोलायचं. ऐकत कोणीच नाही. हेस्टरने पहिली पट्टी दाबली तेव्हाही कलकलाट चालूच होता.

एक सूर निघाला. दुसरा त्याच्या मागोमाग तीच वाट धरून आला, मग तिसरा. सगळे एकमेकांत असे स्वच्छ बसले की माझ्या अंगावर काटा आला. हाच का तो बेसूर म्हातारा? लाज वाटली मला आमची सगळ्यांची.

फटीत जेरल्डचं तोंड आलं. "एनिड, आटपायला सांग तिला. लोक खोळंबलेत."

"खोळंबलेत? कान दे जरा. एक तरी कपबशी वाजतेय का?"

वाजत नव्हती. जेरल्ड उभाच राहिला. तेवढ्यात खांद्यातून अशी कळ गेली की हात खालीच आला. गोळा सरसर वर चढू लागला, आणि हेस्टरचं अजून एक पान बाकी.

"जेरल्ड, धर!"

"मी?"

"नाही तर तुझी आजी! धर म्हणते ना!"

त्याने दांडा धरला आणि धडाधड हाणायला लागला.

"अरे, सायकलमध्ये हवा भरतोयस का? सावकाश! त्याला श्वास घेऊ दे."

मग जमलं त्याला. कोट फेकला, कपाळावरून घाम ओघळायला लागला. पुढे हेस्टरची बोटं धावत होती, सुरावर सूर चढत होता, आणि शेवटी सगळ्या नळ्या एकदम अशा उघड्या गळ्याने गायल्या की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी रडत होते, आणि डोळेही पुसले नाहीत.

शेवटचा सूर थांबला. मग टाळ्या! आमच्या चर्चमध्ये टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी खांदा धरून बाहेर आले. हेस्टर बाकावर लाल होऊन बसली होती. नुकतं लग्न लागलेल्या मुलीसारखी दिसत होती.

पाळकबाई घसा साफ करून म्हणाल्या, "तर... ठरावाचं बघू. विकावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. सगळे माना वळवून जेरल्डला शोधायला लागले. ठराव त्याचाच होता ना!

ऑर्गनच्या मागून धापा टाकत आवाज आला, "माझे दोन्ही हात कामात आहेत! हेस्टर, अजून एखादं वाजव की."