कढीपत्त्याच्या कुंडीतला वास

मी एक म्हातारी घरमाशी आहे, मित्रांनो. हात उगारू नका, आधी ऐकून तर घ्या. तुमच्या हिशेबाने माझं वय ते काय, पण आमच्यात एवढ्यात पंखांच्या चिंध्या होतात. माझ्या पोटात शेवटची अंडी आहेत आणि ती घालायला जागा सापडत नाही. जीव कसा टांगणीला लागलाय, काय सांगू!

माझा जन्म करावे गावातल्या मासळी बाजारामागे, ओल्या कचऱ्यात झाला. तेव्हा मी पांढरी अळी होते. खाली ऊब, वर खाऊ, नुसती चंगळ. आईला मी कधी पाहिलं नाही. आमच्या आया पोरांना भरवत नाहीत की सांभाळत नाहीत. अंड्यांसाठी चांगली जागा शोधायची आणि निघून जायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. म्हणून तर त्या जागेची एवढी धास्ती.

ही जागा आम्ही वासावरून ओळखतो. माझ्या डोक्यावर दोन आखूड मिशा आहेत ना, तेच माझं नाक. कुठे काही ओलं कुजायला लागलं की आंबूस, झोंबणारा वास सुटतो आणि माझे पंख आपोआप तिकडे वळतात. मला थांबताच येत नाही. तिथे दुसरीची ताजी अंडी असली तर उलट बरंच वाटतं, पोरांना सोबत होते. पण ती अंडी शिळी झाली की त्यांच्यावर जंतू वाढतात आणि वास पालटतो. मग कळतं, इथे आधीची पोरं जेवायला बसलीत, आपली उपाशी मरतील. एकदा शेजारच्या शिरवणे गावातल्या गोठ्यापर्यंत उडत गेले होते, तर याच वासाने मला आल्या पावली परत पाठवलं. बुरशीचा वास आला तरी आम्ही तिथे टेकत नाही.

मागच्या खेपेला अशीच अंड्यांसाठी जागा शोधत हिंडत होते आणि वरून वास आला. काय वास होता म्हणून सांगू! थेट चौथ्या मजल्यावर पोचले. तिथे गोजराबाई राहतात. गावातलं त्यांचं बैठं घर पाडून ही इमारत झाली. गॅलरीत त्यांची कढीपत्त्याची कुंडी होती. कोळंबी सोलली की तिची सालं त्या कुंडीत पुरायच्या आणि धुतलेलं पाणी वरून ओतायच्या. कुंडीखालच्या ताटलीत ते पाणी साचून राहायचं. मी मातीच्या भेगेत शिरले आणि सगळी अंडी घातली. किती हलकं वाटलं!

गोजराबाईंची लेक भाविका बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जाळीखाली निजायचं आणि ती बसल्या बसल्या आम्हाला वारत राहायची. तिला कुंडीचा संशय आला, पण गोजराबाई ऐकेनात. "कोलंबीचं पानी हाय ते, झाडाला जोर येतो. जुन्या घरी शेवग्याला तेच घालायचो, कवा त्रास झाला नाय," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. पण जुन्या घराला अंगण होतं, पाणी जमिनीत जिरायचं आणि अळ्या दिसल्या की कोंबड्या टिपायच्या. इथे ना अंगण, ना कोंबड्या.

मग एकदा बाळाला पाजून भाविकाने मांडीवर घेतलं, तर आमच्यातली एक त्याच्या ओल्या ओठावरच जाऊन बसली. भाविका रडायलाच लागली. गोजराबाई तडक उठल्या, खुरपं घेतलं आणि कुंडी उकरली. आत माझी पोरं वळवळत होती. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"मीच बोलावलं गो यांना," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी ती माती गच्चीवर नेऊन कडक उन्हात पातळ पसरली. मी पाण्याच्या टाकीवर बसून सगळं पाहिलं. पोरं सावलीकडे सरपटत होती, तेवढ्यात साळुंक्या उतरल्या. गोजराबाईंचा मला राग नाही आला. नातवंडासाठी त्यांना ते करावंच लागलं. पण माझी पोरं गेली ती गेलीच, मित्रांनो.

आता कुंडीत कोरडी, स्वच्छ माती आहे आणि त्या गॅलरीतून मला कसलीच हाक येत नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर या शेवटच्या अंड्यांना कदाचित जागा मिळेल, तिथे कुणाचं तान्हं बाळ नाही. पंखांत तेवढा जोर उरलाय. फक्त वाटेत कुणी बोलावू नका. डब्याला झाकण लावा, सालं उघडी ठेवू नका. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी लावा. वास आला तर मी येणारच, आणि मी घातलेलं तुम्ही उन्हात टाकणारच.

थांबा. समोरच्या इमारतीत कुणीतरी डबा उघडा ठेवलाय. माझे पंख वळायला लागलेत. कुणीतरी झाकण लावा हो, लवकर लावा.