रंगाची ताटली

"ही कोणी कापली?"

समोरच्या खानावळीच्या मालकीणबाईंनी नमुना टेबलावर असा आपटला, की शेजारी रंग वाळत ठेवलेली किमचीची, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याची, नकली वाटी जागच्या जागी उडाली. मेणकाकांनी हातातला रंगाचा फवारा बंद केला आणि चष्मा कपाळावर चढवला. टेबलावर होती ती खिंकाली, म्हणजे खिमा भरून उकडलेली कणकेची पुरचुंडी. अर्थात खरी नव्हे, प्लॅस्टिकची. काकांनीच केलेली, आणि ब्लेडनं अर्धी कापून ठेवलेली.

"मीच कापली," काका म्हणाले. "आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसायला नको?"

"दिसायला! अहो, मी लहानपणी खिंकालीला सुरी लावली असती ना, तर आजीनं त्याच सुरीनं माझं नाक उतरवलं असतं. काल आमच्या गावाकडचा एक म्हातारा आला, काचेतून हे बघितलं आणि आत न येताच निघून गेला."

काकांनी नमुना उचलून उजेडात धरला. एकोणीस चुण्या. मूळ पदार्थावर मोजून घेतलेल्या. वर पिळलेली गाठ. आत तपकिरी खिमा, त्यात कांद्याचे बारीक तुकडेसुद्धा. त्यांना काही केल्या चूक सापडेना.

"चुकलंय काय पण?"

"आतला रस्सा कुठाय?"

"कसला रस्सा?"

मालकीणबाई खुर्ची ओढून बसल्याच. "मी दोन ताटल्या पाठवल्या होत्या तुम्हाला. त्यातली एकसुद्धा कोणी खाल्ली नाही?"

मग बाईंनीच समजावून सांगितलं. कच्च्या खिम्यात पाणी मुरवायचं, म्हणजे उकळताना आतल्या आत त्याचा रस्सा होतो. गाठ चिमटीत धरायची, कडेला बारीकसा चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीचं खायचं. गाठ टाकून द्यायची. जेवण झालं की पोरं ताटलीतल्या गाठी मोजतात आणि कोणी जास्त हाणल्या यावरून भांडतात. सुरी लावली की रस्सा सांडला आणि पदार्थ संपला.

"मी नमुन्यासाठी आलेलं खात नाही," काका म्हणाले. "मला चवीतलं कळत नाही."

"मग ती चीजची होडी कशी जमली तुम्हाला? मधे अंडं असलेली? तिच्याकडे बघून माणसं रस्ता ओलांडून येतात."

"ती बायकोनं खाल्ली होती."

"मग हीपण खायला द्यायची ना त्यांना!"

काकांनी फवाऱ्याचं तोंड फडक्यानं पुसलं. पुसलेलंच होतं, तरी पुन्हा पुसलं. "तिला आता काही खाता येत नाही," ते म्हणाले.

ती गल्लीच तशी होती. दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या खानावळी, प्रत्येकीची पाटी वेगळ्या लिपीत. एका खानावळीतला माणूस दुसरीत गेला तर त्याला पाण्याचा पेलासुद्धा मागता येऊ नये. म्हणून काचेमागे नमुने मांडलेले असायचे. बोट दाखवलं की काम झालं. हे नमुने तीस वर्षं एकटे काका करत आले होते. पूर्वी मेणाचे करायचे. एका उन्हाळ्यात मेणाचं सूप वाटीतून उतरून काचेपर्यंत चालत गेलं, तेव्हापासून प्लॅस्टिक आलं. पण काकांच्या नावाला चिकटलेलं मेण काही सुटलं नाही.

नमुन्यासाठी दोन ताटल्या लागत. एक साच्याची. तिच्यावर सिलिकॉन ओतलं की ती कामातून गेली. दुसरी रंगाची. ती समोर ठेवून काका दिवसभर रंग जुळवत बसायचे आणि संध्याकाळी ती डब्यात घालून नमुन्यासकट घरी न्यायचे. स्वतः काका साधं, रोजचं, ठरलेलं खाणारे. रंगाची ताटली बायकोची. ती घरी बसून लोकांचे कपडे आखूड-सैल करून द्यायची. गावाबाहेर फारशी कधी गेली नाही, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून निम्मं जग तिनं खाल्लं होतं, गार झालेलं का असेना.

खाऊन झालं की ती निकाल द्यायची. पापुद्र्यांची मिठाई, बकलावा, खाऊन म्हणाली होती, "हा आधी वाजतो, मग गोड लागतो. तुमचा वाजेलसं दिसत नाही हो." काकांनी वरचे पापुद्रे फाडून पुन्हा बसवले. इंजेरा या जाळीदार धिरड्याच्या वेळी म्हणाली, "याला डोळे आहेत. त्या डोळ्यांनीच हा रस्सा पितो. तुम्ही सगळे बुजवून टाकलेत." दुसऱ्या दिवशी काका चार तास सुई घेऊन भोकं पाडत बसले होते. शिवाय तिचे प्रश्न. मक्याच्या पिठाचे तमाले मक्याच्या पानातच का गुंडाळतात? पान मिळालं नाही तर काय करत असतील? हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल, बाईला की पुरुषाला? काका सकाळी जाऊन आचाऱ्याला विचारायचे आणि संध्याकाळी उत्तर घेऊन यायचे. त्यांच्या संसारात बोलायला विषय नाही असं कधी झालंच नाही.

पाच महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला. जीभ थोडी जड राहिली, पण बोलणं परत आलं. गिळणं तेवढं आलं नाही. घोटभर पाणीसुद्धा फुप्फुसात उतरायचं. डॉक्टरांनी पोटाला नळी बसवली. दिवसातून पाच वेळा पावडर कोमट पाण्यात कालवायची आणि मोठ्या सिरिंजमधून हळूहळू आत सोडायची.

काकांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की हिच्या डोळ्यांसमोर अन्न येऊ द्यायचं नाही. ते कारखान्यातच उभ्या उभ्या जेवायचे, खळखळून चूळ भरायचे, शर्ट बदलायचे आणि मग घरी जायचे. रंगाची ताटली मागच्या अंगणातल्या मांजरांना जायची. आपण फार समजूतदारपणे वागतोय, असं त्यांना वाटत होतं. बायको मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. आता ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. गेल्या आठवड्यापासून तर नळीतलंही नको म्हणायला लागली होती. पाचातल्या दोन वेळा सिरिंज हातानं बाजूला सारायची. घरी येणाऱ्या नर्सनं काल काकांना दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, "असंच चाललं तर काका, रुग्णालयात न्यावं लागेल. आणि खरं सांगू का? तिथं नेऊनही जगायची इच्छा काही नळीतून देता येत नाही." काका रात्रभर ते वाक्य घोळवत पडले होते. ते घाबरले होते.

यातलं थोडंच त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं. बाई उठल्या, तडक निघून गेल्या आणि पंधरा मिनिटांत डबा घेऊन परत आल्या. हाताला चटका बसत होता इतका गरम.

"सहा आहेत. गरम आहेत तोवर खा. खाल्ल्याशिवाय दुसरा नमुना केलात तर मला चालणार नाही."

काकांनी विचार केला, घरी जाताना जिन्यात बसून एखादी खाऊन टाकू. पण एक वाजत आला होता आणि एकची वेळ नळीची. त्यांनी डबा दाराबाहेर चपलांच्या फळीवर ठेवला आणि घाईघाईनं आत शिरले. शर्ट बदलायचा राहिला.

बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकांनी पावडर घेतली, पाणी कोमट केलं, ढवळायला लागले.

"मिरी," ती म्हणाली.

काकांचा चमचा थांबला. काल सकाळपासून तिनं काढलेला हा पहिला शब्द होता.

"काय म्हणालीस?"

"मिरी आहे. आणि उकडलेली कणीक." तिनं श्वास ओढला. "जिरंपण."

"खालच्या मजल्यावरून येत असेल वास."

"खालचे कुलूप लावून गेलेत. नर्स सांगत होती." आणि ती कुशीवर वळली, डाव्या हातानं पलंगाची कड धरून, स्वतःची स्वतः. "कुठं ठेवलंय?"

"अगं, डॉक्टरांनी—"

"मला खायचं नाहीये. मला बघायचंय. आणा."

काकांनी डबा आणला. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे ते पलंगाशी उभे राहिले. तिनं त्यांच्याकडून स्वतःला उशा लावून बसवून घेतलं, डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. ती वाकून एकेक चुणी बघू लागली.

"पाच महिन्यांत किती पदार्थ झाले?" तिनं विचारलं.

"अकरा."

"कुठले?"

काकांनी आठवून आठवून सांगितले. पानात गुंडाळलेला भात. माशाचं आंबट सूप. बटाटा भरलेले करंजीसारखे पिएरोगी. पीठ भुरभुरलेली तांदळाची मिठाई, मोची.

"मोची! ती कशी लागते?"

"मला काय माहीत?"

"मग खाल्ली कोणी?"

"मांजरांनी."

"अकराच्या अकरा?"

काकांनी मान हलवली.

"काही बोलली का मांजरं?"

काकांना हसावं की रडावं ते कळेना. पण ती हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलीही होती.

"नळी माझ्या पोटाला लावलीय हो. डोक्याला नाही. तुम्ही रोज येता, पावडर ढवळता, 'बरं वाटतंय का' विचारता आणि गप्प बसता. मला वाटलं, आता माझ्याशी बोलायला तुमच्याकडे काही राहिलं नाही. मग मी कशाची वाट बघायची? पुढच्या पावडरीची?"

"तुला त्रास होईल म्हणून..."

"होऊ दे की! माझा त्रास आहे, मी बघून घेईन. तुम्ही परस्पर कसं ठरवलंत?"

काका पलंगाच्या कडेवर बसले. इतकी साधी गोष्ट आपल्याला पाच महिने दिसली नाही, आणि आपण डोळ्यांचा माणूस म्हणवून घेतो, या विचारानं त्यांची मान वर होईना.

"खा," ती म्हणाली.

"आत्ता? तुझ्यासमोर?"

"मग काय मांजरांसमोर? ती सिरिंज इकडे द्या. माझी मी धरते. तुम्ही तुमचं खा, मी माझं घेते."

तिनं खरंच सिरिंज नळीला जोडली, उजव्या हातानं वर धरली, कोपर उशीवर टेकवलं. काकांनी भांड्यातली पावडर सिरिंजमध्ये ओतली. मग त्यांनी एका खिंकालीची गाठ चिमटीत धरली, उचलली आणि धांदलीत भलतीकडेच मोठा चावा घेतला. रस्सा हनुवटीवरून ओघळून शर्टाच्या आत गेला. काका "आई गं!" करत उठले. आणि ती हसली. खरोखर हसली, जड जिभेनं, खांदे हलवून. तिला ठसका लागेल म्हणून काका अर्धवट वाकून तसेच उभे राहिले, पण ठसका लागला नाही.

"आता नीट," ती म्हणाली. "दुसरी घ्या. सांगत सांगत."

"छान आहे."

"छान म्हणजे काय? दात आधी कुठं अडतो ते सांगा."

काकांनी डोळे मिटले. "कणकेत. जाड नाही, पण लगेच तुटत नाही. चिवट... नाही, चिवट नाही. ताणली जाते आणि मग सोडते."

"हां. मग?"

"मग रस्सा. गरम. फिकट पिवळा."

"रंग नकोय मला."

"अगं, चवच फिकट पिवळी आहे. कडेला थोडी तपकिरी. आणि मधे काळे ठिपके, मिरीचे."

सिरिंजमधली पातळी हळूहळू उतरत होती.

"कळलं," ती म्हणाली. "आधी काही विशेष नाही, मग मटणाचा खारटपणा येतो आणि मिरी मधेच टोचते. असंच ना?"

"असंच! हेच म्हणायचं होतं मला."

"टोचते कुठं? जिभेवर की घशाशी?"

काकांनी तिसरी घेतली, केवळ हे बघायला. "घशाशी. उशिरा."

"गाठ का नाही खाल्लीत?"

"गाठ खायची नसते. ती कणीक जाड, कच्चट असते. पोरं गाठी मोजतात म्हणे."

"आणि तुम्ही नमुना कसा केलात?"

"अर्धी कापून ठेवली," काका ओशाळून म्हणाले.

"कर्म माझं! कापून काय दिसणार? एका ताटलीत तीन अख्ख्या ठेवा, एक चावलेली ठेवा, कडेला रस्सा चकाकू दे. आणि बाजूला चार गाठी. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत्ता इथून कोणीतरी पोटभर जेवून उठलंय."

काकांनी सिरिंजमध्ये उरलेली पावडर ओतली. तिनं हात बाजूला सारला नाही.

"उद्या काय आहे?" तिनं विचारलं.

"अजून ठरलं नाही. कोपऱ्यावरचा नवा आचारी काहीतरी घेऊन येणार आहे. केळीच्या पानात भाजलेलं. नाव मला म्हणता येत नाही."

"त्याला विचारून ठेवा, पान भाजताना जळत कसं नाही ते."

"विचारतो."

चौथी खिंकाली उचलताना काकांचा हात आता सरावला होता. कडेला बारीक चावा, रस्सा आत, मग उरलेली अख्खी तोंडात. तिनं डोळे मिटून घेतले होते. काकांनी पाचवीला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "माझं अजून चावून व्हायचंय."

काकांनी हात मागे घेतला आणि ते थांबले.