एक झाकण कमी

तीन महिन्यांत चौथ्यांदा ॲडमिट. गेटवरचा वॉचमन आता पास विचारत नाही, नुसती मान हलवतो, जणू आम्ही इथे नोकरीलाच आहोत.

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अख्खा रस्ता त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतो. यकृत खराब झालंय म्हटलं की लोक गालात हसतात. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत हो! शुगर आणि पोटावरची चरबी, बस्. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. हसू देत आता.

यकृत थकलं की रक्तातली घाण डोक्यात चढते आणि माणूस बरळायला लागतो. त्यावर एक गोड, चिकट सायरप आहे. दिवसातून तीनदा दोन-दोन झाकणं. त्याने तीनेक वेळा पोट साफ झालं, तरच डोकं ताळ्यावर राहतं. मागच्या वेळी घरी सोडताना सिस्टरने एक वहीही दिली होती. ह्यांनी रोज सकाळी तारीख घालून एक ओळ लिहायची. अक्षर बिघडलं की ताबडतोब घेऊन यायचं.

कागदावर ‘पोट साफ’ वाचायला सोपं आहे. घरी त्याच्या चादरी होतात. हे बाथरूमपर्यंत पोचायचे नाहीत, आणि मी दिवसाला तीन-तीन चादरी धुवायची. कंबरेचा पार भुगा झाला. शेवटी एका सकाळी मी दोनाच्या जागी एकच झाकण ओतलं. फक्त आजच्या दिवस, असं ठरवून. चादर कोरडी राहिली. दुपारी मी दोन तास मेल्यासारखी झोपले. मग दुसऱ्या दिवशीही एकच ओतलं, आणि तिसऱ्याही.

पाचव्या दिवशी वहीतली ओळ उताराला लागली. मी म्हटलं, पेन खराब असेल. आठव्या दिवशी ह्यांनी मलाच विचारलं, “बाई, पाटीवर तुमच्या दुकानाचं नाव काय लिहायचं?” तेव्हा रिक्षा बोलावली.

चार दिवस सलाइन आणि एनिमा झाले. आज सकाळी ते मला ओळखायला लागले. दुपारी सिस्टर वही उघडून खाटेजवळ उभी राहिली.

“काकू, सायरप पूर्ण देत होतात ना?”

“हो,” मी म्हटलं. इतकं पटकन, की माझी मलाच लाज वाटली.

“मग अक्षर असं अचानक कसं घसरलं? ह्या तारखेला काय झालं होतं?”

मी ह्यांची उशी सारखी करायला लागले. तेवढ्यात खाटेवरून हे म्हणाले, “मीच बेसिनमध्ये ओतून देत होतो. हिला माहीत नाही.”

“लहान आहात का पेंटरकाका?” सिस्टर भडकली. “यकृत बदलायच्या यादीवर नाव जायचंय तुमचं. जो औषध फेकून देतो, त्याचं नाव डॉक्टर पुढे पाठवत नाहीत. मला हे लिहावं लागेल.”

तिने पेन काढलं.

“लिहू नका,” मी म्हटलं. “ते खोटं बोलतायत. मीच कमी देत होते. चादरी धुवून धुवून जीव गेला होता माझा.”

ओरडेल असं वाटलं होतं. ती स्टूल ओढून बसली.

“घरी मदतीला कोण आहे?”

“मीच.”

“मग हे पहिल्या दिवशी सांगायचं ना, काकू! मोठ्यांचे डायपर मिळतात. डोसही जरा कमी-जास्त करता येतो, पण आम्हाला विचारून.” तिने ‘घरी मदत नाही’ एवढंच लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मला ह्यांचा भयंकर राग आला होता. “कशाला खोटं बोललात? तुम्हाला काय ठाऊक होतं?”

“झाकणं मोजता येतात मला,” हे म्हणाले. “पहिल्याच दिवशी कळलं. पण तू झोपली होतीस गं. किती दिवसांनी.”

मला रडू फुटलं. बाजूच्या खाटेवरचे लोक बघत होते, बघू देत. डोळे पुसून मी दुपारच्या डोसची बाटली उघडली.

“मोजता येतात ना? मग यापुढे मोठ्याने मोजायची.”

“एक,” ते म्हणाले. मग माझ्या कंबरेकडे बघत जरा थांबले.

“दोन.”