शेपटीवरचे दात

मालकीणबाई नमुन्याची बॅग घेऊन आमच्या खोलीत आल्या आणि चेनची शेपटी चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलंय?"

शेपटी म्हणजे चेन ओढायला लावलेली चामड्याची चिंचोळी पट्टी. आमच्या बॅगा कागदावर काढणारे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे रेषावाले म्हणतो, ते तिचं काहीतरी लांबलचक नाव घेतात. घेवोत बापडे. आम्हा शिवणाऱ्यांच्या तोंडी ती शेपटीच. तर त्या शेपटीच्या टोकावर बारीक वळ उठले होते. लांबूनसुद्धा मला ते दिसले, आणि ते कशाचे आहेत हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते दात होते. माझे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या महागाच्या बॅगेला कुणी दात लावतं का? लावत नाहीच. या खोलीत पहिल्या दिवशी मुकादम पहिली गोष्ट सांगतात ती हीच, चामड्याला तोंड लावायचं नाही. थुंकी लागली की डाग पडतो आणि डाग पडला की चामड्याचं अख्खं पान फुकट. मला कळत नाही का? मी या खोलीत केस पांढरे केलेत. पण गेल्या हिवाळ्यापासून माझी बोटं मला दाद देईनात. आधी मुंग्या यायच्या, मग टोकं बधिर झाली. सुई धरली आहे की नाही ते बघूनच कळायचं. जाड चामड्यातून दोरा ओढायचा तर पकड लागते, आणि पकड कुठून आणणार? मग मान खाली घालायची, कुणी बघत नाही ना ते बघायचं, आणि दातांनी ओढायचं, कधी दोरा, कधी पट्टीचं टोक. वय झालं म्हणून मी गप्प बसले.

गप्प बसायला कारणही तसंच होतं. कडा रंगवणाऱ्या काकांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांना फुलांचा गुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या, गोड गोड बोलले सगळे. दुसऱ्या सकाळी त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस. माझं टेबल खिडकीपाशी आहे. ते सोडून मी घरी बसले तर चार दिवसांत मला वेड लागेल, आणि माझ्यापायी घरच्यांनाही. मला दुसरं काही येत नाही हो. पण हे येतं, आणि चांगलं येतं.

ती बॅगच बघा ना. बाहेरून एक टाका दिसेल तर शपथ. चामडं आतल्या बाजूला दुमडून शिवलेलं, त्यामुळे अंगावर एकही सांधा नाही. खाली पितळेची चार बुटकी बोंडं, म्हणजे बॅग कुठेही ठेवली तरी बूड मळत नाही आणि ती ताठ बसते, सासरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारखी. कडांवर रंगाचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवून, घासून, पुन्हा चढवलेला, की बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटावं. मूठ आतून दोर घालून गोल केलेली, हातात घेतली की सोडवत नाही. आत मऊ मखमली अस्तर, आणि अस्तराच्या पोटात एक चोरकप्पा, तो कुठे आहे ते दाखवल्याशिवाय बॅग घेणारीलाही सापडू नये असा. आणि मिटताना कडी जो आवाज करते, त्या एका आवाजासाठी रेषावाल्यांनी आमचा जीव खाल्ला होता. मोठा आवाज नको, पोकळ नको, खट् नको. शेवटी जमला तो आवाज, तेव्हा रागावलेल्या मीसुद्धा ती दोनदा उघडून मिटून बघितली.

अशा बॅगेवर दातांचे वळ. मी बोलणी खायला तयार झाले. आणि मालकीणबाई म्हणाल्या, फार सुंदर झालंय.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. रेषावाले पुढे आले आणि सुरूच झाले. सगळी बॅग इतकी गुळगुळीत आहे की नजर घसरून जाते, ती इथे येऊन थांबते. हाताने केलेल्या कामाची ही खरी खूण आहे. मशीनला हे जन्मात जमणार नाही. ही खूण आता प्रत्येक बॅगेवर हवी, आणि ज्याने ही केली त्याच हाताने केलेली हवी. मालकीणबाईंनी तर त्याही पुढे जाऊन सांगितलं, की बॅग पहिल्यांदा लोकांपुढे ठेवतील त्या दिवशी त्या कारागिराला सोबत नेऊन सगळ्यांसमोर बसवणार.

मी आ वासून बघत राहिले. अहो, दात आहेत ते. दात. तिथे बसून काय करू, शेपट्या चावून दाखवू? हसू येत होतं आणि घामही फुटत होता. शेजारी माझी थोरली जाऊ बसते. तिच्याकडे बघितलं तर ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती, जणू खोलीत काही घडतच नाही.

कुणी बोलेना, तसे मुकादम चौकशीला लागले. शेपटी मी बसवली होती, पण नंतर रेषावाल्यांना ती आखूड वाटली म्हणून बदलली होती, हे त्यांना आठवलं. ती कुणी बदलली? तर जाऊबाईंनी. नवी पट्टीही मी शिवून ठेवलेल्यांतलीच असणार, असं मी धरून चालले. मग ते तिच्या मागेच लागले. कोणतं हत्यार वापरलं? ती म्हणाली, आठवत नाही. बाहेरचं हत्यार आणलं का? नाही. मग हे आपोआप उठलं का? तुमचा खण उघडून दाखवा बघू. सगळ्या खोलीसमोर तिच्या खणातल्या सुया, आऱ्या, मेण टेबलावर काढून ठेवायला लावलं. तिचे कान लाल झाले.

आता आमच्या दोघींचं घरात विळ्याभोपळ्याचं नातं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी केलेल्या कामात चूक काढल्याशिवाय तिला घास उतरत नाही. पण घरात मी तिला हवं ते बोलेन, मुकादमाने का बोलावं? माझं डोकं फिरलं.

मी उठून म्हणाले, "तिचा खण मिटा. ते माझे दात आहेत."

मग मी सगळं सांगून टाकलं, बोटं, सुई, दोरा, सगळं. म्हटलं, टेबल जायचंच आहे तर खरं बोलून तरी जाऊ दे. मालकीणबाईंना पटेना. त्यांना वाटलं, मी जावेला पाठीशी घालतेय. त्यांनी कोऱ्या चामड्याची एक पट्टी माझ्यापुढे धरली. मी ती चावली. एवढ्या लोकांसमोर, मुकादमांच्या डोळ्यांदेखत. रेषावाल्यांनी ती नमुन्याशेजारी धरून बघितली आणि नकारार्थी मान हलवली. माझ्या पुढच्या दाताचा टवका उडालेला आहे, त्यामुळे माझ्या वळात मध्ये फट पडली होती. नमुन्यावरचे वळ अखंड होते.

माझे नव्हते ते. मग मी हे काय करून बसले? आणि कुणाचे होते?

जाऊबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. माझ्या हातातून पट्टी घेतली, उलटी केली, आणि दुसऱ्या टोकाला दात रोवले. शांतपणे, रोजचं काम असल्यासारखं. वळ जसेच्या तसे जुळले.

एका घरात राहतो आम्ही, एका ओट्यापाशी उभ्या राहतो. बरण्यांची झाकणं ती मलाच उघडायला लावायची आणि मी मनात म्हणायची, थोरलेपणा गाजवतेय. आणि मी ती झाकणं कशी उघडत होते? फडकं गुंडाळून, तिची पाठ वळली की. दोघी एकमेकींपासून लपवत होतो.

मालकीणबाईंनी विचारलं, "अजून कुणी आहे का?"

मग अस्तर लावणारीने हात वर केला. कडा रंगवायला आलेल्या त्या नव्या माणसाने केला. कोपऱ्यात मुठी वळणारे दोघे भाऊ, ते कधी कुणाशी बोलत नाहीत, त्यांनी केला. एकेक करून हात वर जात होते. सगळ्यांत शेवटी मुकादमांचा हात वर गेला.

कधीपासून, असं बाईंनी विचारलं तर सगळे हिवाळ्यापासून म्हणाले. हिवाळ्यात काय बदललं होतं? काही नाही. फक्त सोल्यूशन. चामडं चिकटवायचं पूर्वीचं सोल्यूशन पिवळा डाग सोडायचं, म्हणून बाईंनी स्वतः निवडून हे नवीन मागवलं होतं. स्वच्छ, पाण्यासारखं, पटकन वाळणारं, गोडसर वासाचं. आम्ही किती कौतुक केलं होतं त्याचं. डबे उघडे ठेवून दिवसभर काम करायचो, आणि चामड्यावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद.

बाईंनी जवळच्या उघड्या डब्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, मला कुणी सांगितलं का नाही?

जाऊबाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही आमची बोटं बघितली असती, बाई. टाके नसते बघितले."

रेषावाले मात्र अजून ती पट्टीच बघत होते. एका टोकाला माझे वळ, दुसऱ्या टोकाला जावेचे. अगदी मनापासून, कसलंही पाप मनात न ठेवता ते म्हणाले, प्रत्येकाचे वेगळे येतात की, मग प्रत्येक बॅग वेगळी होईल. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. बाईंनी त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली, डब्यांची झाकणं लावायला सांगितलं आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. काम बंद, एवढंच म्हणाल्या. किती दिवस, ते नाही. टेबलांचं काय, तेही नाही. डॉक्टरला बोलावते म्हणाल्या, आणि मुकादमांकडे बघून पुढचं वाक्य अर्धवट सोडलं.

आम्ही जिन्याने खाली उतरलो. पुढे जाणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या. मी जावेला म्हटलं, ताई, मला तरी सांगायचं होतंस. ती म्हणाली, तू तरी कुठे सांगितलंस? मग ती खाली बघायला लागली म्हणून मीही बघितलं. तिने माझा हात धरला होता. जिन्याच्या वरच्या पायरीपासून धरला होता म्हणे, आणि मला कळलंच नव्हतं.