शेवटचा नंबर

आठ दिवस लवंगेचं तेल लावून झालं, तरी डॉक्टर श्यामसुंदर परचुऱ्यांची दाढ काही ऐकेना. अहो, निम्म्या पुण्यातले दातांचे डॉक्टर त्यांचे विद्यार्थी! कुणाच्याही दारात उभे राहिले असते तर पायघड्या पडल्या असत्या. तीच तर पंचाईत होती.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात एका पेशंटला टोचलेली सुई सरांच्या बोटात शिरली आणि एचआयव्ही देऊन गेली. सरकारी गोळ्यांवर तब्येत पुढे ठणठणीत राहिली. कॉलेजात त्यांनी पाठदुखीचं निमित्त सांगितलं, पेशंट बघणं सोडलं आणि नुसते फळ्यापुढे उभे राहून शिकवू लागले. खरं काय ते ठाऊक होतं एकट्या मंदाकिनीला, त्यांच्या बायकोला. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि नारायण पेठेतल्या घरात सर ते गुपित घेऊन एकटेच उरले.

शेवटी त्यांनी भाग्यश्री वानखेडेचं नाव नक्की केलं. वाशीमची पोर, त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. दवाखाना हिंजवडीत, म्हणजे पेठेतलं कुणी भेटायला नको.

खरं तर गप्प बसता आलं असतं. हातमोजे सगळ्यांसाठीच घालायचे असतात, हत्यारंही प्रत्येक वेळी निर्जंतुक करायचीच असतात, मग धोका कुणालाच नव्हता. पण सरांना आता सांगायचं होतं. या गावात एका तरी माणसाला कळावं, आणि कळूनही त्यानं आपल्याला इतरांसारखं रांगेतून आत घ्यावं, एवढीच त्यांची भूक होती. धाकधूक होती ती स्वतःच्याच शिकवण्याची. ‘असा पेशंट आला तर शेवटचा नंबर द्या. मोज्यांवर मोजे घाला. खुर्ची प्लॅस्टिकनं झाका.’ पुस्तकं कधीच बदलली होती. सगळ्या पेशंटांना एकच नियम, असं त्यांत स्वच्छ छापलं होतं. सरांनी मात्र जुनंच शिकवलं, स्वतःला लागण झाल्यावरसुद्धा! एकदम त्या लोकांची बाजू घेतली तर कुणाला संशय आला असता ना. भेकड लेकाचा, असं ते स्वतःलाच म्हणत.

शनिवारी दहा वाजता ते पोचले. भाग्यश्री हातातलं काम टाकून बाहेर आली आणि सगळ्यांदेखत पाया पडली.

“सर, फोन करायचा ना! मीच आले असते घरी.”

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचे डोळे भरून आले. ती बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिली.

“काळजी करू नका सर, दाढ मीच काढते. कुणाला कळणार नाही.” मग हळूच म्हणाली, “फक्त एक वाजेपर्यंत बसाल का? बाकीचे पेशंट उरकले की घेते.”

“बसतो की,” सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाकावर तीन तास गेले. कंपन्यांमधली माणसं फोनवर बोलत येत होती, गाल धरून जात होती. “काका, तुम्ही माझ्या आधी आलात ना?” एका बाईनं विचारलं. “मला घाई नाही,” सर म्हणाले. समोर दात घासण्याच्या पद्धतीचा तक्ता होता, तो त्यांनी वीसेक वेळा वाचला. कॉलेजात आपण ज्यांना असं बसवून ठेवलं ते एवढा वेळ कुठे बघत असतील, हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक वाजता हाक आली. खुर्ची प्लॅस्टिकनं झाकली होती, भाग्यश्रीच्या हातात मोज्यांवर मोजे होते. हात मात्र काय सुरेख! दाढ कधी निघाली ते कळलंही नाही. तिनं कापसाचा बोळा दाबून बसवला.

“अर्धा तास तोंड उघडायचं नाही हं.” मग परीक्षेला बसल्यासारखी समोर उभी राहून म्हणाली, “सर, सगळं तुम्ही शिकवलं तस्संच केलं. काही चुकलं का?”

नाही म्हणून मान हलवली असती तर काम भागलं असतं. तिची शाबासकी तिला मिळाली असती, सर घरी गेले असते. आणि उद्या त्या बाकावर दुसरं कुणीतरी तक्ता वाचत बसलं असतं. सरांनी बोळा काढून हातात घेतला.

“चुकलं,” बधिर जीभ वळत नव्हती. “तुझं नाही, माझं. मी खोटं शिकवलं. नंबर आला की आत घ्यायचं, भाग्यश्री. सगळ्यांना.”

बोलता बोलता ओठांतून रक्त ओघळलं आणि हनुवटीवर आलं. भाग्यश्री झटकन दोन पावलं मागे सरकली. तिची पाठ कपाटावर आपटली.

“सर, मी... तसं नाही सर...”

तिला पुढे येववेना. सरांनी आपल्याच हातानं बोळा परत दाढेच्या जागी बसवला, खिशातला रुमाल काढून हनुवटी पुसली. रक्ताचा रुमाल तिच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा की नाही, ते त्यांना कळेना. त्यांनी तो घडी करून पुन्हा खिशात ठेवला.