माझी चौकट किडकी होती म्हणून

साहेब, माझ्या दांडीला साखळी तुम्हीच घातलीत. अंबादासचं नाव पुढे करू नका. तो साधा डोअरकीपर, तुम्ही सांगाल ते करतो. कुलूप तुमच्या हुकमाने लागलं आणि किल्ली तुमच्या खिशात गेली. आता मी बोलणार आहे. ऐका.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. कांजूरमार्गच्या एका नाट्यगृहात, उजव्या भिंतीत, रंगमंचाजवळ उभा आहे. माझ्या डोक्यावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी लाल अक्षरं आहेत. ज्या सुताराने मला बसवलं, त्याने माझी आडवी दांडी पुन्हापुन्हा ढकलून पाहिली होती. लहान मुलाने ढकललं तरी मी उघडलो पाहिजे, एवढंच माझं काम. सुरुवातीला नाटक सुटलं की माणसं गाणी गुणगुणत माझ्यातून गल्लीत उतरायची. फार बरं वाटायचं.

मग मध्यंतरात काही फुकटे माझ्यातून आत शिरू लागले. तिथे माणूस उभा करायचं सोडून नाट्यगृहाच्या मॅनेजर साहेबांनी साखळी आणली. पुढे गल्लीत साचणाऱ्या पाण्याने माझी चौकट खालून कुजली. वाळवी लागली. अंबादासने सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "बंदच असतो ना तो? मग कशाला हात लावायचा?"

त्या शनिवारी नवं संगीत नाटक होतं. समोर ऑर्गन आणि तबला, हॉल भरलेला. श्रुतिका नावाची मुलगी पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत गाणार होती. तिची आई शेवंतीबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. सोबत मुलगा सर्वेश.

"आये, मुद्दाम कडेची सीट घेतलीय. पायऱ्या नकोत, आणि दरवाजा बाजूलाच."

शेवंतीबाईने माझ्याकडे पाहिलं. "रे, पण ह्या दाराक साखळी कित्याक?"

"असेल काहीतरी. तू नाटक बघ ना!"

तिसरी घंटा झाली. धुपाच्या वासात नांदी झाली. साहेब नांदी ऐकून घरी गेले. किल्लीही गेली.

दुसऱ्या अंकात श्रुतिकाचं मोठं पद आलं. मुलगी अशी गायली की माझ्या फळ्या थरथरल्या. "वन्स मोअर! वन्स मोअर!" हॉल ओरडू लागला. शेवंतीबाई पदराने डोळे पुसत होती. आणि तेव्हाच मला वास आला. माझ्या डोक्यावरच्या भिंतीत वायर जळत होती.

वास सगळ्यांनाच आला, मित्रांनो. पण कांजूरला कचऱ्याचं डंपिंग आहे, तिथे जळका वास आला म्हणून कोण उठतं?

"डंपिंग. वारा फिरला वाटतं," मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला.

"एसीतून येतो हो, नाकाला रुमाल लावा," त्याची बायको म्हणाली.

लोकांनी रुमाल लावले आणि पुन्हा वन्स मोअर दिला.

श्रुतिकाने पद परत धरलं. अर्ध्यावर थांबली. रंगमंचावरून तिला माझ्या डोक्यावरचा काळा धूर दिसत होता. खाली तिची आई.

"विसरली यार!" कुणीतरी हसलं.

"आये, ऊठ! वर बघ! आग लागलीय!" श्रुतिका रंगमंचावरूनच ओरडली.

काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. मग ठिणग्या पडल्या आणि दिवे गेले.

मागचे लोक मागच्या दारांकडे धावले. पुढचे सगळे माझ्यावर आले. अंधारात माझी बॅटरीवरची लाल अक्षरं तेवढी चमकत होती ना! त्यांनीच माणसांना माझ्याकडे बोलावलं. मला ओरडावंसं वाटत होतं, येऊ नका, मी दरवाजा राहिलेलो नाही.

"ढकल ना रे!"

"साखळी आहे!"

"अंबादास, किल्ली?"

"साहेबांकडे! साहेब घरी गेले!"

सगळ्यात पुढे शेवंतीबाई होती. मागच्या रेट्याने तिचा गाल माझ्या फळीवर दाबला गेला होता. तिचा खोकला मला कळत होता. मग खोकला थांबला. नुसता तळहात उरला, माझ्यावर टेकलेला, हळूहळू खाली घसरणारा. मित्रांनो, मी एवढा कधीच घाबरलो नव्हतो.

"आये! आये, बोल ना गं!" सर्वेश खाली वाकून लाथा मारत होता. फळीला नाही, चौकटीला. कुजलेलं लाकूड भुसभुशीत झालेलं. स्क्रू सुटले. चौकट भिंतीतून निघाली. साखळी तशीच राहिली आणि मी चौकटीसकट गल्लीत कोसळलो. माणसं माझ्या पाठीवरून बाहेर गेली. सर्वेशने आईला खांद्यावर टाकून नेलं.

शेवंतीबाई वाचली. पण कांजूरमध्येच राहते. वारा फिरून डंपिंगचा जळका वास आला की आजही ती काठी न घेताच दाराकडे धावते. श्रुतिका पुन्हा त्या रंगमंचावर चढलेली नाही.

आणि मी? मला परत उभं केलंय. नवा रंग आणि या वेळी लोखंडी चौकट. बसवणारा अभिमानाने म्हणाला, "आता हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही." साहेब खूश झाले. मग त्यांनी तीच साखळी पुसून घेतली आणि माझ्या दांडीला घातली.

मित्रांनो, नाटकाला गेलात की खुर्चीत बसण्याआधी माझ्यासारख्या दरवाजाला एकदा ढकलून बघा. नाही उघडला तर गप्प बसू नका.

साहेब, किडकी चौकट होती म्हणून ती माणसं वाचली. आता तीही नाही. शनिवारी पुन्हा प्रयोग आहे, हॉल भरणार आहे. सांगा, तिसरी घंटा होईल तेव्हा किल्ली कुणाच्या खिशात असेल?