कचरा म्हणून सोडलेली चावी

"ही चिप एकदा कामाला लागली, की अप्पांच्या बापाचंही कुलूप टिकायचं नाही," असं धाकट्याने भरल्या घरात सांगून टाकलं. अप्पांचा बाप म्हणजे आपलाच आजोबा, हे ताईने त्याच्या लक्षात आणून दिलं.

अप्पा गेले तेव्हा त्यांचं आणि धाकट्याचं भांडण मिटलेलं नव्हतं. जाताना त्यांनी लॅपटॉपवर धाकट्यासाठी एक फाइल ठेवली. कुलूपबंद. पासवर्ड कुणालाच सांगितला नाही. आत माफी आहे की शिव्या, एवढंच धाकट्याला जाणून घ्यायचं होतं. दुसरा कुणी रडला असता; याने मशीन बांधलं.

मशीनची अक्कल साधी. फाइलच्या सुरुवातीचा तुकडा घ्यायचा आणि शक्य ती प्रत्येक चावी, म्हणजे पासवर्ड, लावून बघायची. वाचण्याजोगी अक्षरं निघाली तर थांबायचं, कचरा निघाला तर पुढची चावी. वेग यावा म्हणून ही पारख त्याने चिपमध्येच कोरून टाकली. ती नंतर बदलायची सोय नव्हती. बदलायची पाळी मूर्खांवर येते, असं त्याचं मत.

पंखे ठणाणा करत मशीनने सगळ्या चाव्या संपवल्या. एकही लागली नाही. म्हाताऱ्याने नुसता कचरा लिहून जाता जाता सूड उगवला, असं धाकट्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून कळवलं. काका हळहळले. मावशी म्हणाली, होताच तो तसला.

ताईने मात्र विचारलं, की मशीनला अक्षरं कळतात कशी?

"ए टू झेड दिसलं की कळतं."

"आणि अप्पा तुला इंग्रजीत शिव्या कधीपासून घालायला लागले रे?"

धाकट्याने जुनी चाचणी उघडून बघितली. तिच्यात त्याने आपलीच ऑफिसची इंग्रजी पत्रं वापरली होती. म्हणजे बरोबर चावी मशीनला केव्हाच लागली होती, आणि घरची भाषा बघून कचरा समजून ते पुढे गेलं होतं.

त्याने मराठी ओळखणाऱ्या नव्या चिप्स करवून घेतल्या, आधीपेक्षा दुप्पट. ऑफिसच्या बंद खोलीत मशीन लावलं, शेजारी अप्पांचा लॅपटॉप उघडून ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या पडद्यावर पहिला शब्द उमटला: "गाढवा,".

अप्पा हा शब्द रागातही वापरायचे आणि लाडातही. पुढचं वाचायला धाकटा लॅपटॉपकडे वळला, तेवढ्यात मशीनच्या धगीने छतावरचा आग विझवायचा फवारा सुरू झाला. लॅपटॉप निथळेपर्यंत भिजला. फाइलची दुसरी प्रत कुणी काढली नव्हती.